तुम्ही वर्गात जे सांगितलंत

आई, काल जेवताना सईनं विचारलं, आजीला जर्मन किती येत होतं? मी बोटांवर मोजलं. सात शब्द. डांके, बिटे, मॉर्गन, बस, ब्रोट, कार्टोफेल आणि वारुम. पहिले सहा, धन्यवादापासून ब्रेड-बटाट्यापर्यंत, तुम्ही इकडे जर्मनीत एर्लांगेनला आल्यावर पंधरा दिवसांत उचललेत. सातवा सईनं शिकवला. वारुम म्हणजे का. मग तुम्ही तो सगळीकडे वापरायला लागलात. खालच्या मजल्यावरच्या बाई रविवारी वॉशिंग मशीन लावायचं नाही असं सांगायला आल्या, तेव्हा तुम्ही दारात उभ्या राहून हसत विचारलंत, वारुम? त्या जरा गोंधळल्या. नियम आहे, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. सई त्या दिवशी हसून हसून सोफ्यावर आडवी झाली होती.

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. तुमचा निखिल रविवारी साडेअकराला, तुमच्या फोनच्या वेळेला, सायकल काढून बाहेर जातो आणि तासाभरानं परत येतो. मी विचारत नाही. तुमच्या आयुष्याचा आढावा मला घ्यायचा नाही. तो कराडच्या शाळेनं काढलेल्या पत्रकात आला आहे. त्यात तुमच्या नोकरीची वर्षं आहेत, पुरस्कार आहेत, आणि एकही वाक्य तुमच्यासारखं नाही. मला तुमच्याशी त्या एका गोष्टीबद्दल बोलायचंय. फोनवर दोन वर्षं मी तुम्हाला ती बोलू दिली नाही.

बाबा गेल्यानंतर तुम्ही पहिल्यांदा इकडे आलात. तीन महिन्यांचा व्हिसा होता. सई नववीत होती. तिच्या वर्गाला प्रकल्प होता. आमच्या भागात आठ-दहा माणसांचा एक गट आहे. फ्राऊ वेबर, म्हणजे वेबरबाई, निवृत्त ग्रंथपाल, तो चालवतात. नाझींच्या काळात आमच्याच गल्ल्यांमधून जी ज्यू कुटुंबं नेली गेली, त्यांची माहिती हा गट गोळा करतो आणि दर वर्षी नववीच्या मुलांना बरोबर घेऊन एकेका माणसाचं आयुष्य जुळवतो. सईच्या वाट्याला लोटे नावाची मुलगी आली होती. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. वय तेव्हा सईएवढंच.

सईनं जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. ती तुमच्याशी तेव्हा जर्मनमध्येच बोलायची. तुम्ही मराठीत विचारायचात, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि मी मध्ये. तुम्ही भाजी निवडता निवडता एक झेरॉक्स उचललीत, चष्मा वर केलात आणि म्हणालात, "हा हजेरीपट आहे."

तुम्हाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण बत्तीस वर्षं वर्गशिक्षिका होतात. उभे रकाने, आडव्या रेघा, शेवटी सही, हे कुठल्याही भाषेत ओळखू येतं. तुम्ही बोट फिरवत खाली आलात आणि थांबलात. एका नावावर आडवी रेघ मारलेली होती. तुम्ही म्हणालात, वर्षाच्या मध्येच पटावरून नाव काढलंय. आमच्याकडे वडिलांची बदली झाली की काढतात. हिचं का काढलं?

सईनं शेवटच्या रकान्यातला शब्द वाचून दाखवला. एकच शब्द होता. ज्यू. पुढे तिला आईवडिलांबरोबर पूर्वेकडे नेलं आणि ती परत आली नाही, हेही सईनं सांगितलं आणि मी मराठीत केलं.

तुम्ही भाजी बाजूला सारलीत. मग सहीवर बोट ठेवून विचारलंत, "ही रेघ मारणारे गुरुजी कोण? त्यांचं पुढे काय झालं?"

सईनं तो प्रश्न फ्राऊ वेबरना मेल केला. त्यांनी उत्तर पाठवलं की लोटेवर काम करायला लागून आम्हाला सहा वर्षं झाली, पण त्या शिक्षकाबद्दल आजवर कोणीच विचारलं नव्हतं. तुझ्या आजीला भेटायला आवडेल.

तुम्ही भेटलात ती सकाळ मला लख्ख आठवते. लोटेच्या घरासमोर फुटपाथमध्ये पितळी दगड बसवलाय. हाताच्या पंजाएवढा, त्यावर तिचं नाव. अशा दगडांना श्टोल्परश्टाईन म्हणतात, म्हणजे ठेच लागणारा दगड. मुलं ते घासून स्वच्छ करायला आली होती. फ्राऊ वेबरनी डब्यातली पेस्ट काढली. तुम्ही पिशवीतून भिजवलेली चिंच आणि मीठ काढलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कुजबुजले, आई, असू द्या, त्यांच्याकडे त्यांचं आहे. तुम्ही ऐकलं नाहीत. चपला बाजूला काढल्यात, ओल्या फुटपाथवर मांडी घातलीत आणि घासायला लागलात. दहा मिनिटांत तो दगड असा लखलखला की मुलं फोटो काढायला लागली. फ्राऊ वेबरनी चिंच कुठे मिळते ते लिहून घेतलं.

पण तुम्ही खूश नव्हता. उठताना म्हणालात, नाव पायदळी का ठेवलंय? भिंतीवर लावा. माणसं यावरून चालत जातात. मी भाषांतर केलं. फ्राऊ वेबर म्हणाल्या, वाचायचं तर वाकावं लागतं, म्हणून. हे उत्तर त्या नेहमीच देत असणार. तुम्ही मान हलवलीत आणि मला मराठीत म्हणालात, जे वाकणार ते भिंतीपुढेही वाकतील, आणि जे नाही वाकणार ते पाय देऊन जातील. हे वाक्य मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नव्हे. आपण बाहेरचे, आपण कशाला बोला, म्हणून. तेव्हा आमचा नागरिकत्वाचा अर्ज आत होता, निकाल यायचा होता. नागरिकत्वाच्या परीक्षेत मला तेहतीसपैकी तेहतीस होते. ज्यूंच्या हत्याकांडाबद्दल जर्मनीची जबाबदारी काय, हे मला पाठ होतं. मला पाठ असण्यापलीकडे त्यात पडायचं नव्हतं.

मग फ्राऊ वेबरनी तुम्हाला वर्गात बोलावलं. एका शिक्षिकेनं त्या हजेरीपटाकडे बघून काय वाटलं ते मुलांना सांगावं, वीस मिनिटं. सई भाषांतर करणार होती. तुम्ही वहीत टिपणं काढायला लागलात. रविवारी दुपारी मी चहा ठेवत होते तेव्हा तुम्ही मला वाचून दाखवलंत. त्यात प्रशांतची गोष्ट होती.

ती मला तोवर माहीत नव्हती. तुम्ही आठवी-नववीला इतिहास शिकवायचात. पुस्तकात हिटलरनं ज्यूंचा छळ केला एवढी एक ओळ होती, ती तुम्ही टीप म्हणून लिहून द्यायचात. दोन गुणांना. त्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता, 'मी देशाचा कारभारी झालो तर'. प्रशांत नावाचा तुमचाच हुशार विद्यार्थी बोलला की या देशाला हिटलरसारखाच माणूस हवा, आणि ज्यांच्यामुळे देश मागे राहतो त्यांना वेगळं काढलं पाहिजे. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. परीक्षक तुम्ही होता. तुम्ही त्याला पहिलं बक्षीस दिलंत.

मी गॅस बंद केला. म्हणाले, आई, हे तिथे सांगू नका.

तुम्ही विचारलंत, का?

मी पुष्कळ कारणं दिली. सईला त्याच वर्गात बसायचंय. इथे हिटलरचं नाव घेतानासुद्धा माणसं आवाज खाली आणतात, आणि तुम्ही सांगणार की आमच्याकडे त्याच्यावर बक्षीस मिळतं? भारतातले शिक्षक असे असतात असं वाटेल त्यांना. आमचे कागद आत आहेत. कोणी कुठे काय कळवलं तर? घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? तुमचं काय, तुम्ही तीन महिन्यांनी जाल, राहायचं आम्हाला आहे. हे शेवटचं मी बोलायला नको होतं. निखिल फ्रिजचं दार उघडून उभा होता, काही काढत नव्हता आणि बंदही करत नव्हता.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. वर्गातही कधी चढवत नसाल. म्हणालात, "मेधा, ही माणसं आपल्या बापजाद्यांचं पाप मुलांपुढे उघडं करतात, तेव्हा तू मान डोलावतेस. मग माझं का झाकायचं?"

मी म्हणाले, तुमचं पाप काय त्याच्याएवढं आहे का?

तुम्ही म्हणालात, नाही. पण मारलेल्या रेघेएवढं आहे.

चहा तसाच राहिला. संध्याकाळी तुम्ही वही बॅगेत ठेवलीत. मला वाटलं, ऐकलंत.

मंगळवारी तुम्ही अबोली रंगाची सुती साडी नेसलात, वर निखिलचं जाकीट, पायात बूट. मी मागच्या बाकावर बसले. सई तुमच्या शेजारी उभी होती, लाजेनं कान लाल. तुम्ही हजेरीपटापासून सुरुवात केलीत. नवं वर्ष सुरू झालं की पटावर मुलांची नावं लिहायला किती बरं वाटतं, आणि नाव काढताना हात कसा थांबतो, हे तुम्ही सांगितलंत. एकदा एक मुलगी तापानं गेली, तर तिचं नाव तुम्ही वार्षिक परीक्षेपर्यंत पटावर ठेवलंत आणि हेडमास्तरांची बोलणी खाल्लीत. मुलं शांत ऐकत होती. मला हायसं वाटलं.

मग तुम्ही म्हणालात, आता माझं सांगते. आणि प्रशांतची गोष्ट सांगितलीत. सगळी.

सई एका जागी अडली. तुम्ही म्हणाला होतात, '“ज्यांच्यामुळे” म्हणताना त्याच्या मनात कोण होतं, ते सभागृहातल्या प्रत्येक मुलाला कळलं. काही मुलं खाली मान घालून बसली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी त्याचे उच्चार तपासत होते.' सईनं माझ्याकडे बघितलं. तिला शब्द येत होते, आई. तिला माझी परवानगी हवी होती. मी नजर वळवून खिडकीबाहेर बघितलं.

तिनं एक श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. तिचं जर्मन त्या दिवशी हळू होतं, तुमच्या मराठीसारखं.

मागे एक मुलगा हसला, घाबरून हसतात तसा, आणि गप्प झाला. मग एका मुलीनं हात वर करून विचारलं, तो मुलगा आता काय करतो?

तुम्ही म्हणालात, "माझ्याच शाळेत इतिहास शिकवतो. त्याच्या अर्जाला शिफारस मीच लिहिली होती."

तास संपला. फ्राऊ वेबर आपल्याबरोबर बसस्टॉपपर्यंत आल्या. बस यायला अकरा मिनिटं होती, तेवढा वेळ तुमच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि बस आली तेव्हा तुमचा हात दोन्ही हातांत धरला. बसमध्ये तुम्ही आणि सई एका सीटवर बसलात. मी मागे जाऊन उभी राहिले. जागा होती तरी.

दोन दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. तुम्हाला ते कळलं नाही असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

काहीच झालं नाही, आई. कोणी कळवलं नाही, कोणी काही म्हटलं नाही. आमची कागदपत्रं यथावकाश आली. सईच्या वर्गातल्या दोन मुली घरी येऊन तुमच्याकडून थालीपीठ शिकून गेल्या. ज्या भीतीपायी मी तुम्हाला बोलले, ती माझ्या मनाबाहेर कुठेच नव्हती. आणि एक गोष्ट झाली, ती मी पाहिली पण तुम्हाला सांगितली नाही. सई तुमच्याशी मराठीत बोलायला लागली. मोडकं, क्रियापद जर्मनसारखं मध्येच आणून ठेवायची, पण मराठीत. मी तिला एकदा विचारलं, कसं काय? ती म्हणाली, आजीचं मला नीट कळायला हवं, मध्ये कोणी नको. मध्ये मीच होते.

तुम्ही परत गेलात. नंतर फोनवर एकदा सुरुवात केलीत, मेधा, त्या दिवशी वर्गात... मी म्हणाले, आई, माझी मीटिंग सुरू होतेय. शनिवार होता. तुम्ही बरं म्हणालात. पुन्हा कधी काढलं नाहीत.

बाकीचं मला कराडला कळलं. दहाव्याला घाटावरून परत आलो तेव्हा अंगणातल्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते. पन्नाशीला टेकलेले, पांढरा शर्ट, हातात हेल्मेट. मी प्रशांत, मॅडमचा विद्यार्थी, म्हणाले. मी आत जाऊन पाणी आणलं.

त्यांनी सांगितलं, तुम्ही जर्मनीहून आलात त्याच आठवड्यात शाळेत गेलात आणि त्यांना म्हणालात, प्रशांत, ते प्रशस्तिपत्र मला परत दे. त्यांना आधी गंमत वाटली. मग राग आला. चौतीस वर्षं घराच्या भिंतीवर लावलेलं, आईनं फ्रेम केलेलं. ते म्हणाले, मॅडम, चौदा वर्षांचा होतो मी, टाळ्या मिळतात ते बोललो. तुम्ही म्हणालात, तू चौदाचा होतास, मी नव्हते. चूक माझी आहे, म्हणून सही माझी परत मागतेय.

त्यांनी दिलं नाही. तेव्हा तुम्ही नववीचा एक ऑफ तास मागितलात, दर महिन्याला. तो दिला. तुम्ही त्या मुलांना लोटेचा हजेरीपट दाखवायचात. सईनं पाठवलेला फोटो मोठा करून घेतला होतात. प्रशांत सर मागे बसायचे आणि तासानंतर तुमच्याशी वाद घालायचे. आपल्या पोरांना आपलाच इतिहास पुरून उरतो, तिकडचं कशाला? तुम्ही म्हणायचात, शेजाऱ्याच्या घराला आग कशी लागली ते बघून आपली चूल सांभाळायची, त्यात तिकडचं-इकडचं काय? कधी कधी दोघंही चहा न पिता उठायचात.

मी विचारलं, मग पटलं का तुम्हाला?

ते खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "सगळं नाही पटलं, वहिनी. पण गेल्या दिवाळीत मी ती फ्रेम उतरवली. मॅडमना सांगायचं होतं, राहिलं." आणि हेल्मेट दोन्ही हातांनी धरून रडायला लागले. निखिल आला आणि त्यांच्या शेजारी बसला. मला मात्र त्या माणसाचा हेवा वाटत होता. तो तुमच्याशी भांडला, पण समोर बसून भांडला.

इकडे परत आल्यावर मी फ्राऊ वेबरना कळवलं. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, गुरुवारी नवी नववी येते आहे, तू येशील का?

गुरुवारी मी रजा टाकली. सईला नको म्हटलं, एकटी गेले. चोवीस मुलं होती. त्यांत एक सीरियाची, दोन तुर्की, एक आपल्या नागपूरकडच्या कुटुंबातला. मी लोटेचं सांगितलं, रेघेचं सांगितलं, तुमचं आणि प्रशांत सरांचं सांगितलं. ती फ्रेम उतरल्याचंही सांगितलं. इथे थांबता आलं असतं. मुलांचे चेहरे मऊ झाले होते, त्यांच्या बाईंनी टाळ्यांसाठी हात जवळ आणले होते.

मी म्हणाले, अजून एक आहे. हे त्यांनी सांगू नये म्हणून मी त्यांच्याशी भांडले होते. त्यांची सून म्हणून, आणि भीतीपोटी. या देशात मला चांगलं दिसायचं होतं. लोटेच्या गल्लीत तेव्हा राहणारी सगळी माणसं दुष्ट नसतील. बरीचशी माझ्यासारखी असतील, आपले कागद सांभाळणारी.

पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीनं विचारलं, मग तुम्ही त्यांची माफी मागितलीत का?

बाई पुढे आल्या, हा प्रश्न जरा खासगी आहे म्हणाल्या. मी म्हटलं, असू दे. तिला सांगितलं, नाही मागितली. दोन वर्षं होती माझ्याकडे, दर रविवारी फोन होता, तरी नाही मागितली.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, मान डोलावली आणि ते वहीत लिहून घेतलं.

आई, तिला मी जर्मनमध्ये सांगितलं. तुम्हाला मराठीत सांगते. माझं चुकलं.